जुन्या मराठी वृत्तपत्रांच्या फायली : एक दुर्लक्षित साधन

मराठी वृत्तपत्रांचा सुवर्णकाळ होऊन गेला, आतां तसे संपादक नाहींत, तसे वाचक नाहींत व तसे छापखानेहि नाहींत, असे उद्गार अलीकडे वारंवार ऐकूं येतात. बातमी हातांतल्या यंत्राच्या कांचेवर वाचण्याची संवय लागल्यापासून तर या उद्गारांस शोकाचा सूर चढला आहे. गतकालाविषयींची ही हळहळ स्वाभाविक आहे व तिची थट्टा करण्याचें आमच्या मनांत नाहीं. परंतु इतिहास-संशोधकाचें काम हळहळण्यानें संपत नाहीं. ज्या काळास आपण सोन्याचा म्हणतों त्याचें सोनें आज कोठें आहे, तें किती कसाचें होतें, आणि त्यांतलें किती आपण आपल्याच हातांनीं रद्दीवाल्याच्या तराजूंत घातलें, हें पाहणें त्यास प्राप्त आहे.

या त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या संग्रहीं पोथ्यांचे रुमाल, बखरींच्या नकला, क्वचित् एखादी सनद वा महजर असेल. एखाद्या वाड्याच्या माळ्यावर दप्तर निघाल्याची वार्ता लागली तर ही मंडळी उन्हापावसाची पर्वा न करतां तेथें जातात व मोडीचा चिठोरादेखील टाकून देत नाहींत. त्याच माळ्यावर ‘ज्ञानप्रकाशा’चा किंवा ‘इंदुप्रकाशा’चा गठ्ठा असला तर मात्र तो बहुधा मालकाच्या मर्जीवर सोडला जातो, आणि मालक तो वजनावर विकतो. याचें कारण असें सांगतात कीं पोथी एकच असते, छापील अंकाच्या प्रती शेंकडों असतात. हें कारण सकृद्दर्शनीं खरें व वस्तुतः घातक आहे. जी वस्तु एकच आहे ती सांभाळण्याची जबाबदारी कोणी तरी घेतो. जिच्या शेंकडों प्रती आहेत ती दुसऱ्या कोणाकडे असेलच असें प्रत्येकजण समजतो, आणि या समजुतींत शेवटीं एकहि उरत नाहीं. ‘दर्पणा’च्या पूर्वीं, १८२८ सालीं, ‘मुंबापूर वर्तमान’ नांवाचें मराठी पत्र निघालें होतें असें कित्येक म्हणतात. तें खरें असेल तर आद्यत्वाचा मान बदलेल. पण हा वाद अंक पुढें ठेवून कोणी करीत नाहीं. जो तो नुसत्या उल्लेखांवर बोलतो. ताम्रपटावांचून दानाचा वाद जसा मिटत नाहीं, तसा हाहि मिटणारा नाहीं.

तूर्त ‘दर्पणा’पासूनच आरंभ करणें युक्त आहे. कै. बाळशास्त्री जांभेकर यांनीं हें पत्र ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत काढलें. प्रथम तें पाक्षिक होतें, थोड्याच महिन्यांत साप्ताहिक झालें, व १८४० त बंद पडलें. मुंबईंत त्यापूर्वीं दहा वर्षें, म्हणजे १८२२ पासून, फर्दुनजी मर्झबान यांचें गुजराथी ‘मुंबई समाचार’ चालू होतें. मराठी माणूस या कामांत पारशी गृहस्थांच्या मागून आला. ‘दर्पणा’च्या पानावर एका स्तंभांत इंग्रजी व दुसऱ्यांत मराठी मजकूर असे. राज्यकर्त्यांस एतद्देशीयांचें म्हणणें कळावें व एतद्देशीयांस नवी विद्या कळावी, असा दुहेरी हेतु त्यांत होता. बाळशास्त्र्यांचें संपादकत्व सर्वांस ठाऊक असतें. ते आपल्याच मार्गाचे पुरोगामी पथिक होते हें मात्र विसरलें जातें. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत त्यांनीं शिलालेख व ताम्रपट यांवर लेख लिहिले, आणि १८४५ त ज्ञानेश्वरीची पहिली शिळाछाप आवृत्ति संपादून काढली. पुढच्याच वर्षीं, १८४६ त, ते ऐन तारुण्यांत वारले. मराठी वृत्तपत्राचा जनक व मराठी पुराणवस्तु-संशोधनाचा एक आद्य प्रवर्तक हे एकच गृहस्थ होते, ही गोष्ट ज्यांस वृत्तपत्राची फाईल आणि पोथी यांच्यांत जातिभेद करावासा वाटतो त्यांनीं ध्यानांत घ्यावी. त्यांचें लेखन व पत्रव्यवहार कै. गणेश गंगाधर जांभेकर यांनीं १९५० त तीन खंडांत प्रसिद्ध केला, म्हणून त्यांच्याविषयीं आज इतक्या निश्चयानें लिहितां येतें. प्रत्येक संपादकास असा संग्राहक लाभला नाहीं.

येथें शिळाछापाविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे, कारण हस्तलिखितें संग्रहणारांस सर्वांत जवळचा असा छापखान्याचा प्रकार तोच. बव्हेरियांतून येणाऱ्या गुळगुळीत चुनखडी दगडावर चरबी, मेण, साबण व काजळी यांच्या स्निग्ध शाईनें मजकूर उतरावयाचा, दगड पाण्यानें ओला करावयाचा, मग त्यावर शाईचा रूळ फिरवावयाचा. ओल्या भागावर शाई बसत नाहीं, स्निग्ध अक्षरांवर बसते, आणि वर कागद दाबला कीं छाप उठतो. दगडावर थेट लिहावयाचें तर अक्षर उलटें काढावें लागे. म्हणून बहुधा लेखक खळ लावलेल्या कागदावर सुलट लिही व तें दगडावर उलटवून घेत. तात्पर्य, शिळाछापाचा प्रत्येक अंक हा एका लेखकाच्या हातचें हस्तलिखित होय. फक्त त्याच्या प्रती यंत्रानें निघाल्या इतकेंच. पेशवाई गेल्यावर पोथ्या लिहून पोट भरणाऱ्या लेखकांचा धंदा बसला असें आपण म्हणतों. तो एकदम बसला नाहीं, कांहीं काळ या दगडावर टिकला.

या छापाचा मराठींतील मोठा पुरुष म्हणजे गणपत कृष्णाजी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम करतां करतां तो ही विद्या शिकला, स्वतःच्या खटपटीनें छापखाना उभा केला, आणि १८३१ सालीं, म्हणजे शके १७५३ चें, पंचांग छापून काढलें. छापील पंचांग विटाळाचें, असें म्हणणारे लोक त्या वेळीं होते, कारण शाईंत चरबी असे. त्यांच्या समाधानासाठीं शाईंत चरबीऐवजीं तूप घालीत असें सांगतात. गणपत कृष्णाजीनें पुढें खिळ्यांचा छापखानाहि काढला. त्याची व त्याच्या धंद्याची हकीकत गोविंद नारायण माडगांवकर यांनीं ‘मुंबईचें वर्णन’ या १८६३ च्या पुस्तकांत नमूद केली नसती तर आज आपणांस पंचांगावरील नांवापलीकडे फारसें कांहीं कळलें नसतें. मराठ्यांच्या इतिहासांत सरदारांच्या वंशावळी आपण सात पिढ्यांपर्यंत नेतों. छापखानेवाल्यांच्या बाबतींत दोन पिढ्याहि नीट लागत नाहींत.

संग्राहकांच्या उपयोगाची एक खूण येथेंच सांगून ठेवतों. पान उलटें करून तिरप्या उजेडांत धरावें. खिळ्यांचा छाप असेल तर अक्षरांचे दाब मागल्या बाजूस बोटाला लागतात. शिळाछापाची पाठ सपाट असते. शिवाय शिळाछापांत तेंच अक्षर दोन ठिकाणीं हुबेहूब एकसारखें कधीं येत नाहीं, आणि ओळीच्या शेवटीं लेखकास जागा पुरली नाहीं म्हणजे अक्षरें दाटतात. ‘शके’ फाटून गेलेल्या सुट्या पानांचा काळ ठरवितांना या खुणा कामीं येतात.

भाऊ महाजन, म्हणजे गोविंद विठ्ठल कुंटे, यांचें ‘प्रभाकर’ २४ ऑक्टोबर १८४१ रोजीं निघालें. ‘दर्पण’ दुभाषी होतें. ‘प्रभाकर’ मराठी वाचकांसाठीं मराठींत होतें, आणि म्हणून मराठी वृत्तपत्राचा खरा संसार येथून सुरू झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं. याच पत्रांत १८४८ ते १८५० या काळांत ‘लोकहितवादी’ या सहीनें गोपाळ हरि देशमुख यांचीं पत्रें आलीं. तींच पुढें ‘शतपत्रें’ म्हणून प्रसिद्ध झालीं, जरी त्यांची संख्या शंभराच्या वर आहे. ‘शतपत्रें’ आज पुस्तकरूपानें कोणासहि मिळतात. मग ‘प्रभाकरा’ची फाईल कशास पाहिजे, असा प्रश्न केला जातो. त्याचें उत्तर असें कीं पुस्तकांत उत्तर मिळतें, प्रश्न मिळत नाहीं. लोकहितवादींनीं अमुक आठवड्यांत ब्राह्मणांच्या विद्येवर कडक लिहिलें तें कशानें? मागच्या अंकांत कोणतें पत्र आलें होतें? पुढच्या अंकांत कोण चिडून लिहिता झाला? संपादकानें खालीं टीप दिली काय? हें सारें फाईल सांगते. पत्रव्यवहाराच्या एकाच बाजूचीं पत्रें छापून दुसरी बाजू जाळून टाकली तर आपण त्या प्रकाशकास काय म्हणूं? वृत्तपत्रीय लेखांचे संग्रह काढून फायली रद्दींत घालणें हें नेमकें तसेंच आहे.

‘ज्ञानप्रकाश’ पुण्यास १२ फेब्रुवारी १८४९ रोजीं निघालें, १९०४ त दैनिक झालें, व शंभरांहून अधिक वर्षें चाललें. त्याची अखंड फाईल म्हणजे पुणें शहराचें एक शतकाचें रोजनिशीवजा दप्तरच होय. ‘इंदुप्रकाश’ १८६२ पासून. विधवाविवाहाच्या वादाचा इतिहास विष्णु परशुराम शास्त्री पंडितांच्या या पत्रावांचून लिहितांच येणार नाहीं. ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून, अहमदनगरास अमेरिकन मिशनऱ्यांनीं चालविलें. त्यांतील धर्ममतें बाजूस ठेविलीं तरी नगर प्रांताची माहिती म्हणून त्याची किंमत आहे. या पत्रांवर प्रत्येकीं स्वतंत्र निबंध व्हावा लागेल. येथें तो विस्तार करीत नाहीं.

सुवर्णकाळाचें नांव काढतांच सामान्यतः ज्या पत्राची आठवण होते तें ‘केसरी’. ४ जानेवारी १८८१ रोजीं तें निघालें. चिपळूणकर, टिळक, आगरकर व त्यांचे साथीदार यांनीं आर्यभूषण छापखान्याच्या खिळ्यांच्या पेट्या स्वतः वाहून नेल्या ही कथा पुण्यांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. पत्राच्या मस्तकावर जगन्नाथ पंडिताचा सिंहान्योक्तीचा श्लोक छापीत. त्याचें मराठी रूपांतर वासुदेवशास्त्री खरे यांनीं केलें, ज्यांनीं पुढें मिरजेचें पटवर्धनी दप्तर धुंडाळून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड काढले. वृत्तपत्र व इतिहास-संशोधन यांचे धागे असे जागोजाग एकांत एक गुंतलेले आहेत. १८७४ त चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघाली नसती, १८७८ त साने, मोडक, शाळिग्राम यांचा ‘काव्येतिहाससंग्रह’ महिन्याच्या महिन्यास बखरी व पत्रें घेऊन वर्गणीदारांच्या दारीं गेला नसता, तर राजवाड्यांचा १८९८ चा पहिला खंड समजून घेणारा वाचकवर्ग सिद्ध झाला असता किंवा काय, याचा विचार करावा. मासिकांनीं व साप्ताहिकांनीं वाचक आधीं तयार केला, मग साधनें त्याच्या हातीं आलीं.

याच क्रमांत एक विपरीत गोष्टहि घडली. मोडी कागद बाळबोधींत छापून काढण्याचें पुण्यकर्म ज्या छापखान्यांनीं केलें, त्याच छापखान्यांनीं लोकांची मोडी घालविली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनीं मोडीचे खिळे पाडून पुस्तकें छापलीं होतीं. परंतु वृत्तपत्रें बाळबोधींत निघालीं, डोळ्यांस बाळबोधीची संवय लागली, आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानें राणू रावजी आरू यांच्या हातचे सुबक खिळे घडविल्यावर तर मोडीचा पाडाव कायमचा झाला. आज दप्तरखान्यांत मोडी वाचणारा मिळत नाहीं म्हणून आपण कपाळास हात लावतों. त्या आपत्तीचें एक मूळ निर्णयसागरच्या सौंदर्यांत आहे.

आतां कसाचा प्रश्न. ‘केसरी’च्या पहिल्याच वर्षाच्या अखेरीपासून कोल्हापूर प्रकरण निघालें. छत्रपति शिवाजी महाराज (चौथे) यांच्या छळाविषयीं लिहितांना ‘केसरी’नें व ‘मराठ्या’नें कारभारी माधवराव बर्वे यांचीं म्हणून कांहीं पत्रें खरीं मानलीं. तीं बनावट ठरलीं. टिळक व आगरकर यांस १८८२ त शिक्षा झाली व त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढले. त्यांच्या धैर्याबद्दल कोणासहि शंका नाहीं. परंतु ऐतिहासिक कागदांचा व्यापार ज्यांनीं जवळून पाहिला आहे त्यांच्या मनांत येथें निराळाच विचार येईल. कागद कोणी आणला, कोठून आणला, अक्षर कोणाचें, त्यास दुसरा आधार काय, ही चौकशी आपण शिक्क्यांच्या व सनदांच्या बाबतींत करतों. ती चौकशी करण्यास वृत्तपत्रकर्त्यास फार थोडा वेळ असतो, आणि त्याचा उत्साह जितका शुद्ध तितकी त्याची फसगत सोपी. सुवर्णकाळच्या पत्रांत छापलेलें म्हणून कोणतेंहि विधान पुराव्यादाखल घेणें हें म्हणूनच धोक्याचें आहे. बखरीस जी कसोटी, तीच वृत्तपत्रास. फरक इतकाच कीं बखरकार घटनेनंतर पुष्कळ वर्षांनीं चुकतो, वृत्तपत्रकार त्याच आठवड्यांत चुकतो. आणि त्या आठवड्यांतली चूकदेखील त्या आठवड्याचा इतिहास असते.

दुसरी अडचण कर्तृत्वाची. त्या काळचे अग्रलेख निनांवी असत. १८८१ पासून १८८७ पर्यंत आगरकर ‘केसरी’चे संपादक होते; त्या वर्षांतला कोणता लेख आगरकरांचा, कोणता टिळकांचा, हें शैलीवरून ठरविण्याचा प्रयत्न विद्वानांनीं केला आहे व पुढेंहि होईल. आगरकर १८८८ त ‘सुधारक’ काढून निराळे झाल्यावर हा प्रश्न सुटतो. टिळकांच्या ‘केसरी’ंतील लेखांचे खंड त्यांच्या मृत्यूनंतर निघाले. परंतु निवडीच्या बाहेर राहिलेलें स्फुट, वर्तमानसार, पोंच, जाहिरात यांस कोणत्याहि खंडांत जागा नाहीं. पोथीच्या समासांतल्या टिपा गाळून केवळ मूळ छापणाऱ्यास आपण दोष देतों. जाहिरात म्हणजे वृत्तपत्राचा समासच होय. कोणत्या सालीं कोणतें औषध, कोणतें पुस्तक, कोणतें नाटक कोणत्या किंमतीस होतें, आगगाडीच्या वेळा काय होत्या, याचा पुरावा दुसऱ्या कोणत्या साधनांत इतक्या सहज मिळेल?

शि. म. परांजपे यांच्या ‘काळा’ची गोष्ट आणखी निराळी. १८९८ त निघालेलें हें पत्र १९१० त सरकारच्या जामिनाच्या मागणीखालीं बंद झालें. त्यापूर्वींच, १९०८ त, परांजप्यांस शिक्षा झाली होती. ‘काळां’तील निवडक निबंधांचीं पुस्तकेंहि सरकारनें जप्त केलीं. अशा पत्राचा अंक घरांत ठेवणें म्हणजे जोखीम जवळ बाळगणें होतें. ‘काळा’ची पुरी फाईल दुर्मिळ असण्यास वाळवी व पाऊस यांइतकीच ही भीतीहि कारण असली पाहिजे. दप्तरें जाळण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. तो शत्रूनेंच चालविला असें नाहीं.

येथपर्यंत ज्यांचीं नांवें आलीं त्यांच्या फायली अपुऱ्या असल्या तरी कोठें ना कोठें आहेत. ज्या पत्राविषयीं प्रस्तुत लेख मुख्यतः लिहावासा वाटला तें पत्र ‘दीनबंधु’. १८७७ सालीं पुण्यांत कृष्णराव भालेकर यांनीं सत्यशोधक मताच्या प्रसारार्थ तें काढलें. १८८० त नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तें मुंबईंत चालविण्यास घेतलें. लोखंडे यांनीं गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, १८८४ त त्यांचे अर्ज सरकारकडे पाठविले, आणि कामगारांस रविवारची सुटी मिळावी म्हणून जी खटपट केली ती १८९० त फळास आली. १८९७ च्या प्लेगमध्यें लोकांची शुश्रूषा करतांना ते वारले. या साऱ्या चळवळीचें वर्तमान ज्या पत्रांत आठवड्याच्या आठवड्यास येत होतें त्या पत्राचे फार थोडे अंक आज हातीं आहेत. शेतकरी व कामकरी यांच्या बाजूचें पहिलें मोठें दप्तर असें जवळजवळ लुप्त झालें.

आज ‘दीनबंधु’ काय म्हणाला हें कळण्याचा मुख्य मार्ग कोणता? तर सरकारचे गुप्त अहवाल. देशी पत्रांवर नजर ठेवण्यासाठीं मुंबई सरकारनें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एक कचेरी नेमिली होती. तेथें दर आठवड्यास मराठी, गुजराथी वगैरे पत्रें वाचून त्यांतील राजकीय महत्त्वाच्या मजकुराचा इंग्रजी सारांश करीत व तो छापून मोजक्या अधिकाऱ्यांस देत. हे अहवाल सरकारी दप्तरांत सुरक्षित राहिले. म्हणजे पत्राची मूळ प्रत वाचकानें घालविली, आणि त्याचें प्रतिबिंब ज्यानें राखलें तो सरकारी टेहळ्या!

या प्रतिबिंबाचे दोष सांगितलेच पाहिजेत. पहिला दोष निवडीचा. भाषांतरकारास राज्यकारभाराविषयीं जें टोचेल तें तो उचलीत असे; लग्नकार्याच्या चाली, जातींतले तंटे, शाळा, तमाशे, सत्यशोधकी लग्नांच्या हकीकती यांत त्यास विशेष गोडी असण्याचें कारण नव्हतें. दुसरा दोष भाषेचा. लोखंड्यांच्या पत्रांतली बोली, शिवी, म्हण, उपरोध हें सगळें कचेरीच्या एकसुरी इंग्रजींत सपाट झालें. आतां आमचे अभ्यासक तेंच इंग्रजी पुन्हां मराठींत आणतात, व वाचकास वाटतें कीं हे ‘दीनबंधु’चे शब्द. तसें नव्हे. फारसी तवारीख इंग्रजींतून मराठींत आणून तिला मूळ म्हणण्यासारखेंच तें आहे. अशा उताऱ्यांपुढें ‘सरकारी सारांशावरून उलटा तर्जुमा’ अशी स्पष्ट टीप घालण्याचा प्रघात पाडला पाहिजे. तिसरा दोष अधिक सूक्ष्म. सारांश वाचून असा ग्रह होतो कीं ही पत्रें सदोदित सरकारशींच बोलत होतीं. तीं आपल्या वाचकांशीं बोलत होतीं. सरकार दाराआड उभें राहून ऐकत होतें.

आणि म्हणून सुवर्णकाळाविषयींच्या उमाळ्यांत आमचा वांटा थोडा राखूनच द्यावा लागतो. ज्या पत्रांच्या मागें वाडे, वाचनालयें व शिकलेलीं घराणीं होतीं त्यांचा काळ सोन्याचा दिसतो, कारण त्यांचें सोनें शिल्लक राहिलें. ज्यांचा वाचक चाळींत एका कंदिलाभोंवतीं बसून दुसऱ्याच्या तोंडून पत्र ऐकत होता, त्याच्याजवळ फाईल बांधून ठेवण्यास जागाच कोठें होती?

कागदाचा विचार केल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. जुन्नरी व दौलताबादी कागद दोनतीनशें वर्षें कसा टिकतो हें दप्तरें हाताळणारास ठाऊकच आहे. १८७० च्या सुमारापर्यंत विलायतेंतून येणारा छापण्याचा कागदहि बहुधा चिंध्यांच्या लगद्याचा असे. त्यानंतर लांकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद वृत्तपत्रांसाठीं वापरांत आला. या कागदांतच त्याच्या नाशाचें बीज असतें. उजेड व दमट हवा लागतांच तो पिवळा पडतो, मग तांबूस, आणि अखेर घडीवर तुटून त्याचा भुगा होतो. यावरून असा चमत्कारिक प्रकार दिसतो कीं १८४५ चा शिळाछाप अंक निर्धास्तपणें उलगडतां येतो, पण १९०८ चा अंक, ज्यांत टिळकांच्या खटल्याची हकीकत आहे, तो हातांत घेण्याची भीति वाटते. दुसऱ्या महायुद्धांत कागदावर नियंत्रण आलें तेव्हांच्या अंकांची अवस्था तर याहूनहि वाईट. म्हणजे जें जुनें तें आधीं जाईल हा पोथ्यांवरून बांधलेला ठोकताळा येथें लागू नाहीं. फायली जपण्याचा क्रम लावावयाचा तर १८८० ते १९५० या काळास पहिला हात दिला पाहिजे.

कांहीं ठिकाणीं आतां फायलींचीं प्रकाशचित्रें घेण्याचें काम झालें आहे व चालू आहे. तें उत्तम आहे. परंतु प्रकाशचित्र घेतलें म्हणून मूळ टाकून द्यावें, ही जी नवी बुद्धि ग्रंथालयांच्या जागेच्या टंचाईंतून उपजूं पाहते, तिला विरोध करणें अवश्य आहे. चित्रावरून पानाची पाठ चांचपतां येत नाहीं, कागदाची जात कळत नाहीं, आणि छायाचित्रकारानें दोन पानें एकदम उलटलीं तर तें पुढच्या पिढीस कळण्याचा मार्ग राहत नाहीं. बांधणावळीचाहि एक गुन्हा सांगण्याजोगा आहे. बांधतांना समास कापून सारखा करण्याच्या हौसेनें कित्येक फायलींच्या वरच्या कडेची तारीख व अंकाचा क्रमांकच कापला गेला आहे. पुरवण्या, रंगीत वेष्टणें व वर्गणीदाराच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या तर बांधणारा निरुपयोगी म्हणून आधींच फेंकतो. वर्गणीदार कोण होते, पत्र कोणत्या गांवीं जात होतें, याचा एकमेव पुरावा बहुधा त्या चिठ्ठ्यांतच असतो.

शंकर गणेश दाते यांनीं १९४४ त ‘मराठी ग्रंथसूची’ प्रसिद्ध केली व छापील मराठी पुस्तकांच्या पहिल्या सवाशें-दीडशें वर्षांचा हिशेब एकट्याच्या कष्टानें पुरा केला. १८६७ च्या कायद्यानें पुस्तकांची नोंद सक्तीची झाली, त्यापूर्वींच्या छापील पुस्तकांस ‘दोलामुद्रितें’ हें सुंदर नांव मिळालें व त्यांच्या याद्या झाल्या. रा. के. लेले यांनीं वृत्तपत्रांचा इतिहास लिहिला. परंतु कोणत्या पत्राचा कोणता अंक कोणाच्या घरीं आहे याची अंकवार यादी अद्याप व्हावयाची आहे. ती एका माणसाचें काम नव्हे. ज्यांच्या संग्रहीं जुने अंक आहेत त्यांनीं पत्राचें नांव, मित्ति व इंग्रजी तारीख, पुस्तक व अंक यांचे क्रमांक, पानांची संख्या, छापखान्याचें नांव, शिळाछाप कीं खिळ्यांचा छाप, आणि कोणतीं पानें नाहींत, इतकीं टिपणें करून मंडळाकडे पाठविलीं तर एक-दोन वर्षांत कच्ची यादी उभी राहील. सुटें पान असलें तरी तें नोंदावें. अंक विकत वा देणगी मागण्याचा येथें हेतु नाहीं. ज्याची वस्तु त्याच्याकडेच राहावी.

एक सूचना पोथ्या दुरुस्त करणारांसाठीं निराळी करावीशी वाटते. एकोणिसाव्या शतकांत बांधलेल्या वह्या, पंचांगें व शिळाछाप पोथ्या यांचे पुठ्ठे पुष्कळदां रद्दी कागद एकावर एक खळीनें चिकटवून केलेले असतात. पोथी सुधारतांना असा पुठ्ठा जीर्ण म्हणून काढून टाकण्याची रीत आहे. तो टाकूं नये. कोंबट पाण्यांत सावकाश भिजवून त्याचे थर एकेक करून सोडवावे, टिपकागदावर सावलींत वाळवावे, आणि कोणत्या पोथीच्या कोणत्या बाजूच्या पुठ्ठ्यांतून कोणता थर निघाला हें पेन्सिलीनें टिपून ठेवावें. स्तंभांत छापलेला मजकूर, जाहिरातीची चौकट किंवा कोपऱ्यांत पत्राच्या नांवाचें अर्धें अक्षर दिसलें तर तो थर पोथीहून वेगळा, पण पोथीच्याच रुमालांत ठेवावा.